सह-स्फटिकाचं नवं रूप सापडलं, असं म्हणण्याआधी: मराठवाड्यातल्या नव्या संशोधकांसाठी

सह-स्फटिकांवर, म्हणजे दोन वेगळे रेणू एकाच जाळीत बसलेल्या स्फटिकांवर, काम सुरू केलेल्या विद्यार्थ्याला पहिला मोठा आनंद बहुधा एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखावर मिळतो. औषध तेच, जोडीचं आम्ल तेच, प्रमाणही तेच. फक्त विद्रावक बदलला आणि आलेखावरच्या पीकच्या (उंच टोकांच्या) जागाच बदलल्या. लगेच मनात येतं, बहुरूपता (त्याच पदार्थाची वेगळी स्फटिकमांडणी) सापडली. आनंद खरा ठरूही शकतो. पण त्या एका आलेखामागे इतर अनेक कारणं असू शकतात: विद्रावक अडकलेला असेल, पाणी शिरलं असेल, प्रमाण बदललं असेल, मूळ पदार्थ तसाच उरला असेल, किंवा सह-स्फटिकाऐवजी क्षार तयार झाला असेल. या शक्यता एकेक करून बाद केल्याशिवाय प्रयोगवहीत 'नवं रूप' असं लिहू नये, हे माझं ठाम मत आहे.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, छत्रपती संभाजीनगर इथल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. किंवा एम.फार्म.चा प्रकल्प म्हणून हा विषय घेणाऱ्यांसाठी पुढचं लिहितो आहे. सगळी उपकरणं आपल्या इमारतीत नसतात, हे धरूनच पायऱ्यांचा क्रम लावला आहे: स्वस्त आणि जवळचं आधी, महाग आणि लांबचं नंतर.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

खोलीच्या तापमानाला घन असलेले दोन वेगवेगळे रेणू ठरावीक प्रमाणात एकाच स्फटिकजाळीत बसले आणि त्यांच्यात प्रोटॉनची देवाणघेवाण झाली नाही, तर तो सह-स्फटिक. तोच सह-स्फटिक, त्याच घटकांचा आणि त्याच प्रमाणाचा, दोन वेगळ्या मांडणींत सापडला तर ती त्याची बहुरूपं. माणसं तीच, पण पंगत वेगळी मांडली, असं समजा.

हे दोन्ही विषय जुने आहेत. व्होलर आणि लीबिग यांनी १८३२ साली बेंझामाइडमध्ये सेंद्रिय पदार्थाची बहुरूपता पाहिली. पुढे १८४४ मध्ये व्होलरनंच क्विनहायड्रोन बनवला. बेंझोक्विनोन आणि हायड्रोक्विनोन यांचा १:१ प्रमाणातला हा पदार्थ आज पहिल्या सह-स्फटिकांमध्ये धरला जातो. त्याचीही दोन रूपं आहेत, जाळीच्या आकारावरून एक मोनोक्लिनिक आणि एक ट्रायक्लिनिक. म्हणजे सह-स्फटिक केला की बहुरूपतेच्या कटकटीतून सुटका होते, हा समज अगदी सुरुवातीच्या उदाहरणापासूनच खोटा आहे.

औषध उद्योगाला या विषयाची धास्ती बसली ती रिटोनाविरमुळे. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये उत्पादनात अचानक एक नवं, अधिक स्थिर आणि कमी विरघळणारं रूप दिसू लागलं आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता, शुद्धताही होती. बदलली होती ती फक्त जाळीतली मांडणी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषध कारखान्यांत नोकरी करायची असेल तर हे प्रकरण नीट वाचून जा. स्फटिकरूपाची तपासणी तिथे कागदोपत्री सोपस्कार म्हणून करत नाहीत.

रूपं वेगळी होण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. कॅफिन आणि ग्लुटारिक आम्ल यांच्या १:१ सह-स्फटिकाच्या दोन रूपांत हायड्रोजन बंधांची ठेवण बरीच सारखी आहे. फरक आहे तो ग्लुटारिक आम्लाच्या कार्बनसाखळीच्या वळणात. कार्बामाझेपिन हे औषध आणि सॅकरीन यांच्या सह-स्फटिकात मात्र बंधच वेगळे जुळतात. एका रूपात कार्बामाझेपिनचे दोन अमाइड गट एकमेकांना धरतात, तर दुसऱ्यात कार्बामाझेपिनचा अमाइड सॅकरीनच्या इमाइडला धरतो. पहिल्या प्रकारात आयआर (अवरक्त) वर्णपटात फरक बारीक दिसतो, दुसऱ्यात ठळक दिसायला हवा. कोणत्या उपकरणाकडून किती अपेक्षा ठेवायची, ते इथूनच ठरतं.

पायरी १: जोडी निवडा, आणि पहिल्यांदा सोपी निवडा

हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हळद पिकते, म्हणून आपल्याकडे पुष्कळांचं मन आधी हळदीतल्या करक्युमिनकडे धावतं. विषय चांगलाच आहे. हैदराबाद विद्यापीठातल्या अश्विनी नांगिया यांच्या गटानं २०११ मध्ये करक्युमिनची नवी बहुरूपं आणि रिसॉर्सिनॉल व पायरोगॅलॉलबरोबरचे त्याचे सह-स्फटिक प्रसिद्ध केले. ते सह-स्फटिक नुसत्या करक्युमिनपेक्षा वेगानं विरघळतात. पण सुरुवात त्यानं करू नका. बाजारातलं करक्युमिन बहुधा एकटं नसतं. त्यात डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी करक्युमिनही मिसळलेलं असतं. अशुद्धी कोणत्या रूपाला पुढे आणेल आणि कोणत्याला दाबेल, हे नव्या माणसाला उलगडत नाही.

हात बसवायला कॅफिन-ग्लुटारिक आम्ल घ्या. दोन्ही सहज मिळतात, दोन्ही रूपांची रचना प्रसिद्ध झालेली आहे, आणि चूक झाली तर ताडून पाहता येतं.

निवड करताना पीकेएचं (आम्लाची ताकद सांगणाऱ्या आकड्याचं) गणित मांडून ठेवा. आम्लारीच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए घ्या आणि त्यातून आम्लाचा पीकेए वजा करा. उत्तर ३ किंवा ४ च्या वर गेलं तर क्षार होण्याची शक्यता दाट. शून्याच्या खाली असेल तर सह-स्फटिकाची. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं. कॅफिनसाठी तो आकडा १ च्याही खाली आहे आणि ग्लुटारिक आम्लाचा पहिला पीकेए सुमारे ४.३, त्यामुळे उत्तर उणे ३ च्या पलीकडे जातं. क्षाराची भीती इथे जवळजवळ नाही.

पायरी २: दोन्ही रूपं बनवा

एक मिलिमोल धरा: कॅफिन १९४.२ मिलिग्रॅम, ग्लुटारिक आम्ल १३२.१ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून ३२६ मिलिग्रॅमच्या आसपास. अ‍ॅगेटच्या खलात घालून थोडासा विद्रावक टाकून घोटायचं. विद्रावक किती घ्यायचा हे अंदाजानं ठरवू नका. दर मिलिग्रॅम घनपदार्थामागे पाव मायक्रोलिटर घेतला तर इथे सुमारे ८० मायक्रोलिटर लागतो. घोटणं साधारण अर्धा तास. बॉल मिल असेल तर उत्तम, कारण हाताचा जोर रोज सारखा नसतो.

२००४ मध्ये ट्रास्क, मदरवेल आणि जोन्स यांनी याच जोडीवर दाखवून दिलं की घोटताना टाकलेल्या थेंबांवर रूप ठरतं. सायक्लोहेक्झेनसारखा अध्रुवीय विद्रावक घेतला तर रूप १ मिळतं, क्लोरोफॉर्म घेतला तर रूप २. विद्रावक इतका कमी असतो की काहीच पूर्ण विरघळत नाही, तरी निकाल बदलतो. हा प्रयोग स्वतः करून पाहा. बहुरूपतेबद्दल त्यातून जे कळतं ते चार व्याख्यानांतून कळत नाही. क्लोरोफॉर्म मात्र फ्यूम हुडमध्येच हाताळा.

आपल्या हवामानाचा इथे थेट संबंध येतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, हवा कोरडी असते. उघड्या खलातला क्लोरोफॉर्म घोटायला लागल्यावर काही क्षणांत उडून जातो आणि तुम्ही नकळत कोरडंच घोटत बसता. मग दोन्ही रूपांचं मिश्रण मिळतं आणि दोष पद्धतीला दिला जातो. या दिवसांत झाकणाच्या मिलिंग जारमध्ये काम करा, नाहीतर सकाळी लवकर करा. उलट ऑगस्टमध्ये हवेतला ओलावाच तिसऱ्या घटकासारखा वागतो. रूप १ दमट हवेत टिकत नाही, ते रूप २ कडे वळतं. त्यामुळे खोलीचं तापमान आणि सापेक्ष आर्द्रता प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत हवीच. साधं डिजिटल आर्द्रतामापक टेबलावर ठेवलं तरी काम भागतं. ही नोंद नसेल तर मे महिन्यात मिळालेलं रूप जुलैत का मिळेना, याचं उत्तर कधीच सापडणार नाही.

द्रावणातून स्फटिक वाढवायचे असतील तर आणखी एक अडचण लक्षात ठेवा. दोन घटकांची विद्राव्यता फार वेगळी असली, तर सम प्रमाणात घेतलेल्या द्रावणातून कमी विरघळणारा घटक एकटाच आधी खाली बसतो. अशा वेळी जास्त विरघळणारा घटक जरा जादा घ्यावा लागतो. उन्हाळ्यात बाष्पीभवन मंद ठेवण्यासाठी व्हायलच्या तोंडावर पॅराफिल्म लावून सुईनं एक-दोनच भोकं पाडा आणि व्हायल एकसारख्या तापमानाच्या कपाटात ठेवा. खिडकीशेजारी ठेवलेल्या व्हायलमधून चूर्ण मिळतं, स्फटिक मिळत नाही.

पायरी ३: आधी डोळ्यांनी बघा

ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक बऱ्याच महाविद्यालयांत असतो आणि धूळ खात पडलेला असतो. तो पुसून घ्या. स्फटिकांचा आकार बघा: सुया, पट्ट्या की ठोकळे. स्टेज फिरवल्यावर स्फटिक एकदम आणि पूर्ण काळा होतो का, की तुकड्यातुकड्यांनी होतो? एकदम होत असेल तर तो एकस्फटिक असण्याची आशा आहे. मात्र आकार वेगळा म्हणून रूप वेगळं, असं नसतं. एकच रूप वेगळ्या विद्रावकात वेगळ्या आकारात वाढू शकतं. एकाच थेंबात दोन आकार दिसले तर चिमट्यानं वेगळे करा आणि वेगळेच तपासा. एकत्र वाढलेली दोन रूपं अशीच हाती लागतात.

पायरी ४: पावडर एक्सआरडी

कॉपर के-आल्फा किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. ब्रॅगच्या सूत्रानं प्रत्येक पीकच्या कोनावरून थरांमधलं अंतर निघतं. टू-थीटा १० अंशांवर पीक असेल तर ते अंतर सुमारे ८.८४ अँगस्ट्रॉम. पहिल्या दहा-बारा पीकसाठी हे गणित हातानं करा. सॉफ्टवेअर देतंच, पण हातानं केल्यावर आलेख वाचता येऊ लागतो.

टू-थीटा ५ ते ४० किंवा ५० अंशांपर्यंत आलेख घ्या. एकाच कागदावर, एकाखाली एक, पाच आलेख लावा: शुद्ध कॅफिन, शुद्ध ग्लुटारिक आम्ल, दोघांचं न घोटलेलं मिश्रण, आणि तुमचे दोन नमुने. पहिल्या तिघांशिवाय दाखवलेल्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

आता काय बघायचं? पीकची जागा आधी, उंची नंतर. उंची फसवते. सुईसारखे किंवा पातळ पट्ट्यांसारखे स्फटिक होल्डरमध्ये एकाच कुशीवर झोपतात आणि काही पीक फुगतात, काही दबतात. तेच चूर्ण हलक्या हातानं पुन्हा भरून आलेख घेतल्यावर उंची बदलली आणि जागा तशाच राहिल्या, तर रूप एकच आहे. सगळेच पीक एकाच दिशेला किंचित सरकलेले असतील तर होल्डरमध्ये नमुन्याची पातळी वरखाली झाली असेल. औषधकोशांत साधारण ०.२ अंशांचा फरक मान्य धरतात. त्याहून कमी फरकावर नवा दावा उभा करू नका. चूर्ण फार जोरानं घोटून बारीक करण्याचाही मोह आवरा, कारण घोटण्यानंच रूप बदलतं, हे पायरी २ मध्ये तुम्हीच पाहिलेलं असतं.

प्रसिद्ध रचनेची सीआयएफ फाइल (स्फटिकरचनेची माहिती असलेली) केंब्रिज स्फटिक माहिती केंद्राच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मागवता येते आणि मर्क्युरी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरून एक्सआरडीचा अपेक्षित आलेख काढता येतो. आपला आलेख त्याच्याशी जुळवा. ती रचना उणे १७३ अंश सेल्सिअसला मोजलेली असेल, तर तिथे जाळी आकसलेली असते आणि तिचे पीक जास्त कोनाकडे सरकलेले दिसतात. तोही फरक नव्या रूपाचा नसतो.

मूळ घटकांचे पीक आलेखात उरलेत का, हे नीट शोधा. घटकांची स्वतःची बहुरूपं असतात, हे इथे पुष्कळदा विसरलं जातं. कॅफिनची दोन रूपं आहेत, ग्लुटारिक आम्लाचीही आहेत. एखादा अनोळखी पीक उरलेल्या घटकाच्याच दुसऱ्या रूपाचा असू शकतो.

पायरी ५: घटक आणि प्रमाण तपासा

माझ्या मते या कामातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी. दोन नमुन्यांचे घटक वेगळे असतील तर ती बहुरूपं नव्हेत, ते दोन वेगळे पदार्थ आहेत. कार्बामाझेपिन आणि पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल यांचे १:१, २:१ आणि ४:१ असे सह-स्फटिक नोंदले गेले आहेत. त्यांचे एक्सआरडी आलेख वेगळे असणारच.

प्रमाण बघायला नमुना डीएमएसओ या विद्रावकात विरघळवून साधा प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय अनुनाद वर्णपट) घ्या. कॅफिनचा ८ पीपीएमच्या जवळचा एक हायड्रोजन आणि ग्लुटारिक आम्लाच्या कार्बोक्सिलजवळच्या दोन सीएच-टू गटांचे चार हायड्रोजन, यांचं क्षेत्रफळ १ ला ४ आलं की प्रमाण १:१. त्याच वर्णपटात अडकलेला विद्रावकही दिसतो.

पाणी आणि विद्रावक यांसाठी टीजीए, म्हणजे तापवताना वजनात होणारी घट मोजणं. समजा नमुना १:१ सह-स्फटिकाचा मोनोहायड्रेट असेल, तर एकूण वजनातलं पाणी सुमारे ५.२ टक्के निघेल. तापवताना तेवढी घट पायरीसारखी दिसली तर सरळ समजा, की पाणी जाळीत बसलेलं आहे. घट अर्धा-एक टक्काच आणि सावकाश असेल तर ते बहुधा पृष्ठभागावरचं. जास्त तापमानाला कॅफिन उडून जातं, त्या घटीला पाणी समजू नका. टीजीए नसेल तर स्फटिक सिलिकॉन तेलाच्या थेंबात ठेवून हॉट स्टेजवर (सूक्ष्मदर्शकाच्या तापत्या स्टेजवर) तापवा. बुडबुडे निघाले तर आत काहीतरी अडकलेलं आहे. ही जुनी युक्ती आजही तितकीच भरवशाची आहे.

पायरी ६: डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो, त्याचं मापन)

दोन ते पाच मिलिग्रॅम नमुना, अ‍ॅल्युमिनियमचा पॅन, नायट्रोजनचा प्रवाह, मिनिटाला १० अंशांचा वेग. काम सुरू करण्याआधी इंडियमनं उपकरण तपासून घ्या. त्याचा वितळणबिंदू १५६.६ अंश सेल्सिअसला यायला हवा. वितळणबिंदू म्हणून पीकचं टोक न लिहिता सुरुवातीचा बिंदू लिहा, कारण टोक वजनानुसार आणि वेगानुसार सरकतं.

इथे एक सापळा आहे. दोन घटकांचं नुसतं मिश्रण तापवलं तरी दोघांच्याही वितळणबिंदूपेक्षा खाली एक नवा, टोकदार पीक येऊ शकतो. ते युटेक्टिक वितळणं, म्हणजे मिश्रणाचं एकत्र वितळणं, असतं. कधी कधी त्या वितळलेल्या द्रवातच सह-स्फटिक तयार होतो, उष्णता बाहेर टाकणारा पीक दिसतो आणि मग त्या सह-स्फटिकाचं वितळणं. म्हणजे डीएससीवर सह-स्फटिक दिसला तरी तो तुमच्या खलात झाला होता की पॅनमध्ये, हे एकट्या डीएससीवरून ठरत नाही. खोलीच्या तापमानाला घेतलेल्या एक्सआरडीवरूनच ते ठरतं.

दोन रूपांचं नातं समजून घ्यायला मात्र डीएससीसारखं साधन नाही. बर्गर आणि रॅमबर्गर यांचे १९७९ चे नियम उपयोगी पडतात. एका रूपातून दुसऱ्यात जाताना उष्णता शोषली गेली, तर दोघांचं नातं एनॅन्शिओट्रॉपिक: एका तापमानाखाली एक स्थिर, त्यावर दुसरं. उष्णता बाहेर पडली तर बहुधा मोनोट्रॉपिक: वितळेपर्यंत एकच रूप स्थिर. रूपांतर दिसलंच नाही तर वितळण्याची उष्णता बघा. जास्त तापमानाला वितळणाऱ्या रूपाची वितळण-उष्णता कमी असेल तर नातं एनॅन्शिओट्रॉपिक. वेग २ अंश आणि २० अंश असा बदलून पुन्हा चालवा. मंद तापवताना रूपांतराला वेळ मिळतो, झपाट्यानं तापवलं तर मूळ रूप तसंच वितळताना पकडता येतं. आणि पीक दिसला की त्याच्या आधी आणि नंतर तापवणं थांबवून पॅनमधल्या नमुन्याचा एक्सआरडी घ्या. नमुना थोडा असतो, म्हणून शून्य-पार्श्वभूमीचा सिलिकॉन होल्डर मागा.

पायरी ७: आयआर, रामन, घन एनएमआर

आयआर इथे प्रामुख्यानं क्षार की सह-स्फटिक हे ठरवायला. प्रोटॉन आम्लाकडेच राहिला असेल तर १७०० सेमी⁻¹ च्या आसपास कार्बोनिलचा पट्टा टिकतो. प्रोटॉन निघून गेला असेल तर कार्बोक्सिलेटचे पट्टे १५५० ते १६५० आणि १४०० च्या जवळ दिसतात. कॅफिनचे स्वतःचे कार्बोनिल त्याच भागात गर्दी करतात, म्हणून घटकांचे वर्णपट शेजारी ठेवूनच वाचा. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी टाळा. दाबानं आणि घोटण्यानं रूप बदलू शकतं. एटीआर (गोळी न करता नमुना थेट ठेवून मोजायची पद्धत) वापरा.

घन अवस्थेतला कार्बन-१३ एनएमआर मिळाला तर एका कार्बनसाठी किती रेषा पडतात ते बघा. एकाऐवजी दोन पडल्या तर जाळीच्या असममित एककात (जाळीचा ज्यातून पूर्ण आकार उभा राहतो त्या लहानात लहान भागात) तो रेणू दोनदा असेल, किंवा नमुन्यात दोन रूपं मिसळली असतील. हे उपकरण सगळीकडे नसतं. दावा मोठा असेल तेव्हाच त्यामागे धावा.

पायरी ८: एकस्फटिक एक्सआरडी

रचना का वेगळी, याचं उत्तर इथेच मिळतं. साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा, स्वच्छ, भेगा नसलेला स्फटिक लागतो. अहवाल आल्यावर आधी कार्बोक्सिल गटातल्या दोन कार्बन-ऑक्सिजन बंधांची लांबी बघा. एक सुमारे १.२१ आणि दुसरी १.३१ अँगस्ट्रॉम असेल तर आम्ल शाबूत आहे, दोन्ही १.२५ च्या जवळ असतील तर तुमच्या हातात क्षार आहे. मग हायड्रोजन बंध, मग साखळीचे मरोडकोन, मग थरांची मांडणी.

एवढं झाल्यावर त्या रचनेवरून काढलेला आलेख आणि तुमच्या साऱ्या चूर्णाचा प्रत्यक्ष आलेख एकावर एक ठेवा. निवडलेला स्फटिक बाकीच्या चूर्णाचा प्रतिनिधी असेलच, असं नाही. व्हायलमधला सर्वांत देखणा स्फटिक कधी कधी तिथला एकुलता एक वेगळा असतो.

हे उपकरण आपल्या जिल्ह्यात नसेल तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधता येतात आणि वेळ मागता येते. मुंबईच्या आयआयटीतली सैफ सुविधाही बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेते.

नमुना पाठवताना काचेची व्हायल, पॅराफिल्म, बाहेरून बंद पिशवी. पिशवीत सिलिका जेल घालण्याआधी थांबा: नमुना हायड्रेट असेल तर सिलिका जेल त्याचं पाणी ओढून रूप बिघडवेल. थोडा नमुना स्वतःकडे ठेवा आणि पाठवण्याच्या दिवशीच त्याचा पावडर एक्सआरडी घ्या. निकाल न जुळल्यास बदल प्रवासात झाला का, हे तपासायला तोच आधार.

पायरी ९: स्थिर कोण, हे ठरवा

दोन्ही रूपं समान प्रमाणात मिसळा, ती अर्धवटच विरघळतील इतकाच विद्रावक घाला आणि बंद बाटलीत ढवळत ठेवा. कमी स्थिर रूप विरघळत जातं आणि स्थिर रूपाच्या स्फटिकांवर बसत जातं. एक-दोन दिवसांनी गाळून लगेच एक्सआरडी घ्या. विद्रावक कोणताही असला तरी त्या तापमानाला शेवटी स्थिर रूपच उरायला हवं. फक्त विद्रावक जाळीत शिरता कामा नये आणि सह-स्फटिक फुटून एखादा घटक वेगळा पडता कामा नये. हीच चाचणी २५ आणि ५० अंशांवर करा. दोन तापमानांना दोन वेगळी रूपं जिंकली तर डीएससीवरून काढलेल्या एनॅन्शिओट्रॉपिक नात्याला दुजोरा मिळाला.

आर्द्रतेची चाचणी तर अगदी कमी खर्चात होते. डेसिकेटरच्या तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. २५ अंशांना आतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर राहते. मॅग्नेशियम क्लोराइडनं सुमारे ३३ टक्के, पोटॅशियम सल्फेटनं सुमारे ९७. तिन्हींत नमुने ठेवून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी आलेख घ्या. औषधांच्या त्वरित स्थिरता चाचणीची अट ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता अशी असते. त्यातलं तापमान मराठवाड्यात उन्हाळ्यात अनेक गोदामांत आपोआपच मिळतं, म्हणून आपल्या भागात हे काम नुसतं पुस्तकी राहत नाही.

खल, बीज आणि कायदा

एका रूपाचे अदृश्य कण दुसऱ्याच्या खलात राहिले तर ते बीज ठरतात आणि कमी स्थिर रूप पुन्हा मिळेनासं होतं. अशी रूपं जगभरच्या प्रयोगशाळांतून हरवलेली आहेत. ड्युनिट्झ आणि बर्नस्टीन यांनी १९९५ मध्ये त्यांच्यावर सविस्तर लिहिलं. प्रत्येक रूपासाठी खल, चमचा आणि चाळणी वेगळी ठेवा. जमत नसेल तर आधी कमी स्थिर रूपाचं काम संपवा आणि मगच स्थिर रूप बनवायला घ्या.

पेटंटचा विचार करणाऱ्यांनी भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) वाचून घ्यावं. ज्ञात पदार्थाचं नुसतं नवं रूप, मग ते बहुरूप असो वा क्षार, परिणामकारकता वाढल्याचं दाखवल्याशिवाय आपल्याकडे नवा शोध ठरत नाही. कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेट या औषधाच्या बीटा स्फटिकरूपाचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी याच आधारावर फेटाळला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सह-स्फटिकाला नियमनाच्या दृष्टीनं मूळ औषधाच्या बहुरूपासारखंच धरलं आहे. म्हणून तुमच्या दोन रूपांची विरघळण्याची गती मोजून ठेवा: दोन्ही एकाच कणाकाराला चाळलेली, एकाच माध्यमात, ३७ अंशांवर. चाचणी संपल्यावर तळाशी उरलेलं चूर्ण फेकू नका. गाळून त्याचाही एक्सआरडी घ्या. माध्यमात पडल्यावर सह-स्फटिक टिकला की फुटून औषध वेगळं झालं, हे त्या उरलेल्या चूर्णावरूनच कळतं.